भोपळ्याचा रुपया

विमलबाईने लाल पोटलीची गाठ सोडली आणि तिच्या तळहातावर चांदीचा राणी छाप रुपया पडला. घरून निघताना तो चिंचेने घासून दुधासारखा पांढरा केलेला होता. आता तो पारव्याच्या मानेसारखा दिसत होता. मधेच निळा, मधेच जांभळा, एका बाजूला तांबूस, आणि राणीच्या गालावर काळपट डाग.

पुढच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. मागची त्यांच्या खांद्यांवरून वाकून पाहू लागली. "उतरला हो, उतरला," कोणीतरी म्हणालं, आणि देऊळघाटच्या शिवेवरची ती सगळी आमराई हात जोडून उभी राहिली. धामणगाव बढेहून टेम्पो भरून माणसं आली होती. विमलबाई स्वतः वडनेर भोलजीहून दोन गाड्या बदलून आली होती. तिच्या पोराला मिरगीचे झटके यायचे. तीन दिवस ही पोटली त्याच्या पोटाला बांधली होती.

"पाहून घ्या बाप्पा," कलदार बाबा म्हणाला. रुपयाला जुनी माणसं कलदार म्हणतात, म्हणून हा कलदार बाबा. "डॉक्टरच्या मशीननं फोटो निघते, रोग निघते का? चांदी रोगाले ओढते. लेकराच्या डोक्यातला झटका या रुपयात येऊन बसला. आता हा रुपया घरी नेसान, तं रोग तुमच्याच मागं मागं घरी येईन. आमच्यापाशी ठेवा. आमी त्याचा बंदोबस्त करतो."

चेला पुढे झाला. त्याच्या डाव्या मनगटावर त्रिशूळ गोंदलेला होता. त्याने तबक धरलं, विमलबाईने रुपया तबकात टाकला.

"आन गोळ्या?"

"आणल्या महाराज."

"घड्यात सोड. गोळी आन देव एका पोटात राहत नाहीत."

बाबाच्या पायाशी पाण्याने भरलेला मातीचा घडा होता. विमलबाईने पोराच्या झटक्याच्या गोळ्या एकेक करून पाकिटातून काढल्या आणि त्या घड्यात सोडल्या. पाणी आधीच गुलाबी, पिवळं, गढूळ झालेलं होतं. सकाळपासून कोणाकोणाची साखर, कोणाकोणाचं बीपी, कोणाकोणाचं हृदय त्या पाण्यात विरघळत होतं. त्या गर्दीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हा माणूस रोग काढतो आहे की औषध.

शालिग्राम आंब्याच्या बुंध्याला टेकून उभा होता. बसला नव्हता. त्याचा मुलगा गणेश आणि सून सुवर्णा पुढे बसले होते, आणि पुढचा नंबर सुवर्णाचा होता.

सुवर्णाला टीबी झाला होता. पावसाळ्याच्या तोंडाला निदान झालं, सरकारी गोळ्या सुरू झाल्या. गावची आशा सेविका धम्मशीला दर आठवड्याला घरी येऊन पाकिटातल्या गोळ्या मोजून बघायची. खोकला थांबला होता, अंगावर मांस चढत होतं, पण गोळ्या घेतल्या की मळमळायचं आणि लघवी लाल व्हायची. धम्मशीलाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तो गोळीचाच रंग आहे, घाबरायचं नाही. पण घाबरायचं नाही असं सांगितल्यावर न घाबरणारं माणूस कुठे असतं?

"लघवी लाल होते ना तुही?" बाबाने तिला सगळ्यांच्या देखत विचारलं. सुवर्णाने मान खाली घातली. "ते रक्त हाय, पोरी. गोळी रक्त जाळून राह्यली. घरातला लक्ष्मीपूजनाचा रुपया आण. घासून लख्ख कर, मळक्या रुपयात रोग बसत नाही. या पोटलीत अंगारा हाय, त्याच्यात रुपया टाक, गाठ मार, सोमवारपासून पोटाले बांध. गुरुवारी इथं सोड. आन गोळ्या घेऊन ये."

तिघं मोटारसायकलवर घरी आले.

रुपये रुख्मिणीच्या डब्यात होते. शालिग्रामची बायको रुख्मिणी दोन वर्षांपूर्वी किडनीच्या आजाराने गेली. तिचा तो पितळी डबा कपाटाच्या वरच्या फळीवर तसाच होता. ती असताना दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ओट्यावर बसून चिंच आणि राखेने एकेक रुपया घासायची. मळकी लक्ष्मी पाटावर बसवायची नसते, असं तिचं म्हणणं होतं. ती गेल्यानंतरच्या दिवाळीला घरात सण नव्हता. पुढच्या दिवाळीला सण होता, पण डबा काढा असं कोणी म्हणालं नाही, आणि शालिग्रामला ते काम स्वतः करवलं नसतं.

त्याने डबा खाली काढला. आत रुख्मिणीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात रुपये गुंडाळलेले होते. कापड उलगडलं आणि सुवर्णा मागे सरकली.

रुपये पांढरे नव्हते. मध्यभागी चांदी होती, पण तिच्याभोवती फिकट पिवळं कडं होतं. त्याच्याबाहेर तांबूस, आणि अगदी काठाला जांभळी-निळी रेघ. एक नाही, सगळे रुपये तसेच.

"मामाजी," सुवर्णा हळूच म्हणाली, "आईंचा रोग याच्यावर उतरला काय?"

रुख्मिणी गेली, तरी तिचं काहीतरी या डब्यात उरलं आहे असं शालिग्रामला क्षणभर वाटलं, आणि तसं असावं असंही वाटलं. त्याने रुपया हातात घेतला, बराच वेळ पाहिला. मग त्याला राग आला. असा राग त्याला दोन वर्षांत आला नव्हता.

"तिचा रोग रुपयावर उतरला असता, तं ती मेली कायले असती?" तो म्हणाला. "मंगळवार आन शुक्रवार, मी नेत होतो तिले मशीनवर. सुया टोचून टोचून हात काळा पडला होता तिचा. तवा हे रुपये याच घरात होते, याच डब्यात. मग ओढला काऊन नाही रोग?"

सुवर्णा रडायला लागली. गणेश म्हणाला, "आबा, तिच्यावर कायले चिडून राह्यले?"

"तिच्यावर नाही चिडलो." त्याने बाबाची पोटली उचलली. फेकणारच होता, पण हात नाकाजवळून गेला आणि थांबला. त्याने पुन्हा वास घेतला. कापराच्या वासाखाली दुसरा वास होता. तो वास त्याच्या अंगाला दर हंगामात लागायचा, आंघोळ करूनही जायचा नाही. काकडीच्या पानांवर भुरीची पांढरी बुरशी पडली की तो ज्या पिवळ्या भुकटीची फवारणी करायचा, त्या गंधकाचा वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बुलढाण्याला गुलाबरावकडे गेला. गुलाबराव आणि तो एका बाकावर शिकलेले. शालिग्राम शेतीत राहिला, गुलाबराव विज्ञानाचा मास्तर झाला, आता निवृत्त होता आणि जुन्या नाण्यांचा नाद करत होता. घरात जेवायच्या टेबलावरही नाणी.

"गुलाब्या, हे पाय," म्हणत शालिग्रामने डब्यातले रुपये पुढे ठेवले.

गुलाबरावने भिंग लावलं आणि पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या. "कोणं घासले बे हे? राणीचं नाक सपाट केलं पार. असे घासलेले रुपये कोणी हातात घेत नाही."

"रुख्मिणीनं घासले."

गुलाबरावने भिंग खाली ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाला, "बरे घासले. मनापासून घासले." मग त्याने रुपया पुन्हा उचलला आणि खिडकीपाशी जाऊन उन्हात तिरपा धरला. "पण हा रंग खरा हाय बाप्पा. हा कोणं चढवलेला नाही, आपोआप चढला."

"आपोआप कसा?"

"चांदी हवा खाते. हवेत गंधक असते, अगदी थोडं थोडं. चुलीच्या धुरातून येते, जुन्या कापडातून येते, कागदातून येते. काठाले हवा आधी लागते, म्हणून रंग काठापासून आत सरकते. पयले पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. काठाचा थर सगळ्यात जुना, म्हणून तिथं निळा. त्याच्या आत जांभळा, मग तांबूस, मग पिवळा, मधी अजून चांदीच. ही ओळ चुकत नाही."

"मग आजपर्यंत काऊन नाही दिसला कोणाले?"

"दिसन कसा? घरोघरच्या बाया दर दिवाळीले घासून काढतात. वर्षभरात जेवढा चढला तेवढा राखेनं गेला. आपल्या भागात न घासलेला रुपया पाह्यलेला माणूस दाखव मले. म्हणून रंगलेला रुपया पाह्यला की जो तो हात जोडते."

शालिग्रामने रुपया हातात घेतला. रुपये घासणारे हात गेले, म्हणून रंग चढला. रोग नाही, तेज नाही, देवी नाही. फक्त रुख्मिणी नाही. एवढंच त्या रुपयावर लिहिलेलं होतं.

गुलाबरावने कपाटातून आणखी एक रुपया काढला. "आन हा पाय. मलकापूरच्या बाजारात एका पोट्ट्यानं विकला. म्हणे, पणजोबाच्या पेटीतला हाय, शंभर वर्षांचा रंग हाय."

शालिग्रामने पाहिलं. मधेच निळा, मधेच जांभळा, गालावर काळा डाग.

"काठापासून आत काहीच नाही," गुलाबराव म्हणाला. "पिवळ्याचा पत्ता नाही, एकदम निळा. नाकावर बी निळा, खड्ड्यात बी निळा. अक्षरावरून असा गेला, जसं कोणं शाई सांडवली. आन हे पाय." त्याने अंगठा ओला करून रुपयावर चोळला. अंगठ्याला काळी भुकटी लागली. "गंधक दोन्हीवर हाय. पण एकाले दोन-तीन वर्षं लागली, एकाले दोन-तीन दिवस. घाईत चढवला की असे डाग पडतात."

"त्या पोट्ट्याच्या मनगटावर त्रिशूळ होता काय, गोंदलेला?"

गुलाबरावने त्याच्याकडे पाहिलं. "तुले काय माहीत?"

शालिग्रामने पोटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. घड्यातल्या गोळ्यांचं सांगितलं, तेव्हा गुलाबराव उठून उभा राहिला. लोकांच्या घरातली चांदी न्यायची, तिला रोग चिकटला म्हणून सांगायचं आणि तीच चांदी जुना रंग म्हणून शौकिनांना विकायची. दोन्हीकडून खायचं. आणि हे खाता यावं म्हणून मधे लेकरांची औषधं पाण्यात घालायची.

"मी येतो गुरुवारी," गुलाबराव म्हणाला. "पण मास्तरचं भाषण कोणी ऐकत नाही. तुह्या सुनेले आधी पटलं पाह्यजे. ती पोटली अशाले बांध, ज्याले टीबी नाही."

"माणूस कोण तयार होईन?"

"माणूस कायले पाह्यजे बे? भोपळा बांध."

रविवारी संध्याकाळी शालिग्राम सुनेसमोर बसला. त्याने रुख्मिणीच्या डब्यातले दोन रुपये स्वतःच्या हाताने घासले होते. सवय नव्हती, चिंच डोळ्यात गेली होती.

"पोरी, तुले गोळ्या सोड म्हणत नाही, नको सोडू बी म्हणत नाही," तो म्हणाला. "एक रुपया या साध्या कापडात तुह्या पोटाले बांध. दुसरा बाबाच्या पोटलीत टाकून आपल्या वावरातल्या दुधी भोपळ्याले बांधू. अंगारा खरा असन, तं भोपळ्याचा रुपया पांढरा राहीन, भोपळ्याले काय रोग असते? आन चांदीच रोग ओढत असन, तं तुहा रुपया निळा होईन. तसं झालं तं तुह्या गोळ्या मी माह्या हातानं त्या घड्यात टाकतो."

"आबा, देवाची परीक्षा घेता काय?" गणेश म्हणाला.

"देवाची नाही बे. पुडीची."

सुवर्णाने दोन्ही रुपये तळहातावर घेतले. मग म्हणाली, "मामाजी, गोळी घेतली की मले वाटते आपण आतून सडून राह्यलो. ते लाल पाह्यलं की वाटते आता मीबी आईंसारखी." तिने साधं कापड उचललं. "बांधा भोपळ्याले. पण तोपर्यंत गोळ्या चालू ठेवीन मी. धम्मशीलाताईले शब्द देला हाय."

शालिग्रामला वाटलं, त्या आमराईत एवढं बोलणारं एकही माणूस नव्हतं.

अंगाची ऊब नाही तर उन्हाची तरी लागावी म्हणून भोपळा तोडून गोठ्याच्या टिनावर ठेवला. दिवसभर ऊन, टिन तापायचं. येणारी-जाणारी माणसं हसायची. "शालिकराम, भोपळ्याले दिवस गेले काय?" शेजारच्या भगवानरावने विचारलं. "हाव," शालिग्राम म्हणाला, "गुरुवारी बारसं हाय, ये."

गुरुवारी सकाळी सुवर्णाने दोन्ही गाठी स्वतः सोडल्या. पोटावरचा रुपया पांढरा होता, थोडा घामेजलेला. भोपळ्याचा रुपया निळा, जांभळा, काळपट. तिने दोन्ही शेजारी ठेवले. रडली नाही. भोपळ्याचा रुपया तिने परत लाल पोटलीत टाकला, गाठ मारली.

"जायचं हाय मले," ती म्हणाली. "तो काय म्हणते ते मले ऐकायचं हाय."

आमराईत गर्दी तशीच होती. विमलबाईही आली होती. तिच्या पोराला परवाच मोठा झटका येऊन गेला होता, जीभ चावली गेली होती, आणि ती बाबाला विचारायला आली होती की आपलं काय चुकलं. तिला वाटत होतं, चूक तिची आहे.

सुवर्णाने पोटली पुढे केली. बाबाने गाठ सोडली, रुपया उंच धरला आणि फिरवून सगळ्यांना दाखवला.

"पाहा. केवढा काळा हाय पाहा. पोरीचं फुप्फुस असं काळं होतं, कोळशावानी. सगळं उतरलं. आता हे पोरगी डोंगर चढन. डॉक्टरले हे दाखवसान तं तो डिग्री फाडून टाकीन." लोक हसले. "टाक पोरी, गोळ्या घड्यात टाक."

सुवर्णाने गोळ्यांचं पाकीट छातीशी धरलं होतं. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण पुढच्या रांगांना स्पष्ट ऐकू गेला.

"महाराज, तो भोपळ्याचा रुपया हाय."

"काय?"

"पोटली भोपळ्याले बांधली होती. टिनावर ठेवला होता. माह्या पोटाले बांधलेला हा." तिने दुसरा हात उघडला. पांढरा रुपया.

मग मागून भगवानराव म्हणाला, "म्हणजे भोपळ्याले टीबी होता काय?" दोघं-तिघं हसले. बाबाही हसला, पण उशिरा.

"वावर हिच्या घरचं. भोपळ्यावर हिची सावली पडली असन. रोग सावलीतून बी जाते. अविश्वासानं केलं, म्हणून..."

"मग कोणाचा रोग उतरला?" शालिग्रामने पुढे होऊन विचारलं. "हिचा म्हणून सांगितला ना तू आताच? फुप्फुस कोळशावानी होतं म्हणाला. ते भोपळ्याचं होतं काय?"

चेला पुढे सरकला. गुलाबरावने त्याचं मनगट धरलं, त्रिशुळाच्या वरच. "मलकापूरले भेटलो होतो आपण. पणजोबा बरे हायत ना?"

शालिग्रामने तबकामागची पोटल्यांची टोपली ओढली आणि त्यातल्या पोटल्या पुढच्या रांगेत वाटल्या. "वास घ्या," तो म्हणाला. "मी काही सांगत नाही. तुमी सगळे शेतकरीच. वास घ्या आन तुमीच सांगा."

एका म्हाताऱ्याने पोटली नाकाशी नेली. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याने शेजाऱ्याला दिली. शेजाऱ्याने वास घेतला, भुकटी बोटावर घेऊन पाहिली.

"अबे, हे तं भुरीचं औषध," तो म्हणाला.

ते शब्द रांगेरांगेने मागे गेले. ज्याला त्याला तो वास माहीत होता. मिरचीवर, वाटाण्यावर, काकडीवर ती भुकटी त्यांनी स्वतः फवारली होती. हंगामात घरात तोच वास असायचा. पण तीच लाल कापडात घालून पोटाला बांधायला दिली तेव्हा नाकाने सांगितलेलं एकानेही ऐकलं नव्हतं. शालिग्रामला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. माणसं अडाणी नव्हती. त्यांनी आपलं शहाणपण चपलांबरोबर आमराईच्या बाहेर काढून ठेवलं होतं.

गडबड झाली. काहीजण अजूनही बाबाच्या बाजूने होते. एक म्हातारी शालिग्रामला म्हणाली की तुझं वाटोळं होईल. कोणी बाबाची वाट अडवली, कोणी सोडून दिली. त्या गोंधळात शालिग्रामची नजर घड्याकडे गेली. विमलबाई तिथे बसली होती. तिने कोपरापर्यंत हात घड्यात घातला होता आणि तळाचा गाळ चाचपडत होती. हात बाहेर काढला तेव्हा त्यावर गुलाबी-पिवळा लगदा होता.

"विरघळल्या," ती स्वतःशीच म्हणाली. "माह्या पोराच्या सगळ्या विरघळल्या."

सुवर्णा तिच्याजवळ बसली. पदराने तिचा हात पुसला. "काकी, दवाखान्यात परत भेटतात. आताच जाऊ. मीबी तुमच्यासंगं."

तक्रार विमलबाईनेच दिली. गुलाबराव सोबत गेला, शालिग्रामने पांढरा रुपया, गोंधळात बाबाच्या हातून पडलेला भोपळ्याचा रुपया आणि पोटल्या पुराव्याला दिल्या. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो पोलीस ठाण्यात नुसता टांगून ठेवण्यासाठी केलेला नाही.

दिवाळीच्या सकाळी सुवर्णा चिंच भिजवून ओट्यावर बसली. आधी तिने पाण्यासोबत त्या दिवसाची गोळी घेतली, मग डबा उघडला. शालिग्रामने एक रुपया बाजूला काढला.

"हा नको घासू."

"राहू द्या," ती म्हणाली, आणि तो लुगड्याच्या तुकड्यात परत गुंडाळून दिला.

तो रुपया आता शालिग्रामकडे असतो. कोणी चमत्काराची गोष्ट सांगू लागला की तो खिशातून काढून दाखवतो. चांदी काळी पडते, कारण ती चांदी आहे. टीबी जातो, कारण गोळ्या पुऱ्या घेतल्या. झटका थांबतो, तोही गोळ्यांनीच. बरं वाटायला लागलं म्हणून औषध सोडू नका, बरं वाटतं ते औषधामुळेच वाटतं. आणि तुमच्या घरचा रुपया, तुमच्या घरचं माणूस आणि तुमच्या घरचं औषध, तिन्ही एकदम मागणारा जो कोणी भेटेल, त्याच्यापुढे हात जोडण्याआधी त्याच्या पोटलीचा एकदा वास घ्या. नाक तुमचंच आहे.